मोजणीवर गाणं? शिव शिव शिव!

ऐकलंत का? चांगली शिकलीसवरलेली माणसं हल्ली जमीनमोजणीवरचं गाणं ऐकून डोळे पुसतात. अतिशयोक्ती करत नाही हो. गाण्यात प्रेमभंग नाही, पाऊस नाही, माहेर नाही, नायिका तर औषधालासुद्धा नाही. अठराव्या शतकातले दोन इंग्रज मोजणीदार बोटीवर उभे राहून बोलतायत, आणि निघालेत कशाला, तर दोन जमीनदारांची हद्द आखायला. एवढ्यावर पन्नाशी उलटलेले, घराचे हप्ते फेडून मोकळे झालेले, मुलीच्या पाठवणीलाही कोरडे राहिलेले गृहस्थ एकदम हात वर करतात, "थांब थांब, आता टेलर येतो!" म्हणतात, आणि टेलर आला की तो हात तसाच हवेत राहतो. घरच्यांनी यातून काय समजायचं?

आमच्या घरातही या साथीचा एक रुग्ण आहे, म्हणून लक्षणं पाठ आहेत. पहिल्या आठवड्यात नुसतं ऐकणं. मग नकाशा. मग एका जाडजूड कादंबरीचं पार्सल. मग जेवताना, भाजी वाढत असताना, "तुला माहितेय, फिलाडेल्फिया खरं म्हणजे मेरीलँडमध्ये असायला हवं होतं?" मी म्हटलं, असेल, पण आधी कोशिंबीर घ्या.

गाण्याचं नाव 'सेलिंग टू फिलाडेल्फिया'. सप्टेंबर २००० मध्ये मार्क नॉफ्लरचा याच नावाचा अल्बम आला, त्यातलं हे शीर्षकगीत. नॉफ्लर म्हणजे 'डायर स्ट्रेट्स'चा तो गिटारवाला, जो पिक हातात न धरता नुसत्या बोटांनी वाजवतो आणि ज्याच्यापायी आपल्याकडे हॉस्टेलच्या कित्येक खोल्यांमधून 'सुल्तान्स ऑफ स्विंग' बसवायचे असफल प्रयत्न झाले. स्टेडियमं भरवून झाली, पैसा झाला, नाव झालं, बँड गुंडाळून झाला. अशा माणसाने पुढे काय करावं? आणखी चार हिट गाणी करावीत आणि सुखाने राहावं. तर हा थॉमस पिंचनची कादंबरी वाचत बसला!

पिंचनचं प्रकरण निराळंच. हा लेखक फोटो काढू देत नाही, मुलाखत देत नाही. त्याची 'मेसन अँड डिक्सन' १९९७ साली आली. पावणेआठशे पानं, अठराव्या शतकातल्या इंग्रजीचा थाट, जागोजागी नामांना कॅपिटल अक्षरं, बोलणारा कुत्रा, आणि माणसाच्या प्रेमात पडलेलं एक यांत्रिक बदक. असली पुस्तकं घरात कशी राहतात ते आपल्याला ठाऊक आहे. दिवाणखान्याच्या कपाटात, पाहुण्याला कणा दिसेल अशी. शंभराव्या पानाच्या आसपास एक रेल्वेचं तिकीट खूण म्हणून खोचलेलं, आणि मालक वर्षानुवर्षं "वाचतोय" म्हणतोय. नॉफ्लरने ती वाचली, आणि तिच्यातून साडेपाच मिनिटांचं गाणं काढलं. ना कुत्रा, ना बदक. फक्त दोन माणसं आणि एक बोट. पावणेआठशे पानांची एवढी निर्दय काटछाट एखाद्या संपादकाने केली असती तर त्याच्यावर मोर्चा गेला असता.

आता पात्रयोजना ऐका. जेरेमाया डिक्सनची भूमिका नॉफ्लरने स्वतःकडेच ठेवली. कारण उघड आहे. डिक्सन इंग्लंडच्या ईशान्येचा, डरहॅम परगण्यातल्या कॉकफील्डचा. नॉफ्लर जन्मला ग्लासगोत, पण वाढला न्यूकॅसलच्या बाजूला. गाववाला म्हटल्यावर दुसऱ्याच्या हातात कोण देईल? चार्ल्स मेसनसाठी मात्र त्याने जेम्स टेलरला बोलावलं. मेसन ग्लॉस्टरशरचा, गिरणी आणि बेकरी चालवणाऱ्याचा मुलगा, पुढे ग्रिनिचच्या वेधशाळेत जेम्स ब्रॅडलीचा मदतनीस झालेला. आणि टेलर? जन्म बोस्टनचा, बालपण नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलचं. म्हणजे जी रेष आखायला मेसन निघालाय, तिच्या चांगलं खाली दक्षिणेत वाढलेला अमेरिकन माणूस या इंग्रजाचं मनोगत गातोय, तेही आपल्या स्वच्छ अमेरिकन उच्चारात! एरवी ऐतिहासिक मालिकेत कोणाच्या पगडीचा पीळ चुकला तर पत्रं लिहिणारी मंडळी इथे मात्र हूं की चूं करत नाहीत. उलट म्हणतात, "मेसन असाच बोलत असणार." अहो, कसा असणार?

पण खरं सांगू का, सगळी चाल तिथेच आहे. नॉफ्लरचा आवाज खरखरीत, खालच्या पट्टीतला, निम्मं गाणं आणि निम्मं बोलणं. तो आधी येतो आणि आपली ओळख करून देतो: मी कुठला, मला काय आवडतं, दारूचं आणि बायकांचं मला वावडं नाही. डिक्सन खुशीत आहे. मग टेलर येतो. त्याचा आवाज इतका नितळ की एकही शब्द निसटत नाही, आणि त्या नितळ आवाजात तो चक्क कुरकुर करतो. आपण नक्षत्रं बघणारे, बेकरीवाल्याचे चिरंजीव, आणि हा सोबतचा माणूस अमेरिका, स्वातंत्र्य असल्या गोष्टींवर भोळेपणाने विश्वास ठेवतो. पश्चिमेकडे फार आत शिरलो तर दोघांचाही निकाल लागेल, असं त्याचं म्हणणं. आनंदी माणसाला खरखरीत गळा आणि रडव्याला मखमली. ही वाटणी उलटी केली असती तर गाणं साधं झालं असतं. डिक्सन त्या कुरकुरीला उत्तर देताना वाद घालत नाही, फक्त उजाडणाऱ्या किनाऱ्याकडे बोट दाखवतो. मग दोघं मिळून ध्रुवपद. इथे रुग्णाचा हात हवेत असतो, ते मी वर सांगितलंच.

श्रोत्यांत अर्थात दोन पक्ष पडलेत. टेलरपक्षाचं म्हणणं, नॉफ्लरने इतक्या मोठ्या मनाने पाहुणचार केला की घरच्या कार्यात पाहुणाच मिरवून गेला. नॉफ्लरपक्षाचं म्हणणं, गिटार ऐका, गाणं तिथे आहे, बाकी सगळं वरून. पुढे मैफलींत टेलर नसायचा तेव्हा नॉफ्लरने दोन्ही भाग एकट्यानेच गायले, आणि त्यावरून वादाला नवा दाणागोटा मिळाला. "एकट्याने म्हटलं की दोन माणसं उरत नाहीत," हे टेलरपक्षाचं. "मुळात दोन्ही त्याच्याच डोक्यातली माणसं," हे नॉफ्लरपक्षाचं. मी कुठल्या पक्षाची ते विचारू नका. घरात शांतता हवी असते.

बरं, गाण्याच्या पोटात जे प्रकरण आहे ते तर याहून चविष्ट. ज्यांना हे गाणं फार तरल वगैरे वाटतं त्यांनी हा भाग बसून ऐकावा. हा निव्वळ बांधाचा वाद आहे. आपल्याकडे भावकीत बांध कोरण्यावरून तीन पिढ्या कोर्टात जातात ना, तसा. फक्त इथे बांध शेकडो मैलांचा आणि भाऊबंद राजाचे सनदी. १६३२ साली पहिल्या चार्ल्सने कॅल्व्हर्ट घराण्याला मेरीलँड दिलं, उत्तरेची हद्द चाळिसाव्या अक्षांशाला भिडवून. १६८१ साली त्याच्या मुलाने, दुसऱ्या चार्ल्सने, विल्यम पेनला वरचा मुलूख दिला. नकाशे चुकीचे, राजे घाईत, आणि पेनने आपलं लाडकं शहर जिथे वसवलं ती जागा निघाली चाळिसाव्या अंशाच्या किंचित खाली. म्हणजे कॅल्व्हर्टांनी सनद दाखवली तर फिलाडेल्फिया त्यांचं! कोशिंबिरीच्या वेळी आमच्याकडे जे सांगण्यात आलं ते हेच. सांगायला वाईट वाटतं, पण ते खरं आहे.

मग काय, ऐंशी वर्षं धुसफूस. दोन्हीकडचे लोक एकाच जमिनीचा सारा मागणार. १७३० च्या दशकात तर मारामाऱ्याच झाल्या. मेरीलँडच्या बाजूने थॉमस क्रेसप नावाचा एक नामचीन गडी पेनच्या रयतेला सळो की पळो करत होता. १७३६ साली पेनसिल्व्हेनियाच्या शेरीफने त्याचं घर पेटवून त्याला बाहेर काढला आणि फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवरून मिरवत नेला. तेव्हा क्रेसपने चहूकडे बघून, मेरीलँडमधलं इतकं देखणं शहर दुसरं नाही, अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं म्हणतात. बेड्या हातात असताना असं बोलायला जिगर लागते. नॉफ्लरसाहेब, गाणं याच्यावर लिहायचं होतंत!

लंडनच्या न्यायालयाने १७५० मध्ये निवाडा दिला, १७६० मध्ये करार झाला, स्थानिक मोजणीदारांनी काही वर्षं साखळ्या ओढल्या आणि हात टेकले. मग दोन्ही घराण्यांनी विलायतेहून माणसं मागवली. ती माणसं म्हणजे आपले मेसन आणि डिक्सन. १५ नोव्हेंबर १७६३ ला ते फिलाडेल्फियात उतरले. गाणं या तारखेच्या आदल्या दिवसांतलं आहे असं धरा.

बरं, ही जोडी जमली कशी? त्याचीही कथा आहे. सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना दिसतो त्याला अधिक्रमण म्हणतात. १७६१ चं अधिक्रमण बघायला रॉयल सोसायटीने या दोघांना सुमात्राकडे धाडलं. बोट निघाली तोच फ्रेंच युद्धनौकेने हल्ला केला, बोटीवर माणसं मेली. दोघं परतले आणि सोसायटीला कळवलं की आमचा विचार बदलला. सोसायटीने उत्तरात असं झापलं, अब्रू जाईल, कोर्टात खेचू, की दोघं निमूट परत बोटीत चढले. सुमात्रा काही गाठता आलं नाही, म्हणून केप ऑफ गुड होपला उतरून ६ जून १७६१ ला तिथून वेध घेतले, आणि ते इतके नेटके घेतले की सोसायटीचा राग गेला. तेव्हा गाण्यात मेसन समुद्रावर बसून मरणाची भाषा करतो ती काही उगाच नव्हे. त्याने एकदा तोफांचे गोळे खाल्ले होते. त्याआधी दोनच वर्षं त्याची बायको रिबेका वारली होती. गाणं यातलं काही सांगत नाही. रुग्ण मात्र सांगतात, गाणं चालू असतानाच, तुमच्या कानाशी.

आणि डिक्सन! या माणसाने तर श्रोत्यांच्या सुशील बायकांनाही नादी लावलंय. घराणं क्वेकर, म्हणजे साधे कपडे, साधी राहणी, मद्य बेतानं. हा मात्र लांब लाल कोट घालून फिरायचा असं सांगतात. १७६० साली क्वेकरांच्या सभेने त्याला अति दारू पिणं आणि वाईट संगत या कारणांवरून बाहेर काढलं, आणि तशी त्यांच्या वहीत नोंद आहे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका मोजणीदाराचा हा पाणउतारा आमच्याकडे दिवसातून एकदा तरी मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला जातो. मी म्हटलं, आमच्या वाड्यात असा कोणी असता तर तुम्ही त्याच्याकडे चहाला तरी गेला असतात का? उत्तर नाही. गिटार चालू.

काम मात्र जबरदस्त केलं हो दोघांनी. इथे मस्करी थांबवते. करारात लिहिलं होतं की फिलाडेल्फियाच्या अगदी दक्षिण टोकापासून पंधरा मैल खाली जाऊन तिथून पश्चिमेला रेष ओढायची. सरळ दक्षिणेला निघावं तर डेलावेअर नदी आडवी, पलीकडे न्यू जर्सी. म्हणून ते आधी त्याच अक्षांशावर एकतीस मैल पश्चिमेला एका शेतावर गेले, तिथे ताऱ्यांचे वेध घेऊन जागा पक्की केली, आणि मग तिथून पंधरा मैल खाली उतरले. त्या शेतावर त्यांनी रोवलेला दगड अजून आहे. माथ्यावरचे तारे बघायचं यंत्र जॉन बर्डने बनवलेलं, सहा फुटी, इतकं नाजूक की गाडीत गादीवर निजवून न्यायचे. वेध घ्यायचे तर जमिनीवर उताणं पडून, थंडीत, रात्र रात्र. दिवसा कुऱ्हाडवाले आठ-नऊ यार्ड रुंदीचा पट्टा जंगलातून साफ करत पुढे जायचे. शेवटी शेवटी तर बरोबर शंभरावर माणसं होती. दर मैलाला इंग्लंडहून आणलेला दगड, दर पाचव्या मैलाला मोठा, एका अंगाला पेनचं चिन्ह, दुसऱ्या अंगाला कॅल्व्हर्टचं. ऑक्टोबर १७६७ मध्ये, सुमारे २३३ मैलांवर, डंकर्ड क्रीकपाशी एक युद्धवाट आडवी आली. सोबतच्या मूलनिवासी वाटाड्यांनी सांगितलं, आमची सोबत इथवरच, यापुढे नाही. पश्चिमेला फार आत जाऊ नये असं मेसन गाण्यात म्हणतो, ते निदान तेवढ्यापुरतं ऐकलं गेलं.

यातले काही दगड पुढे लोकांनी उपटून पायऱ्यांना बसवले. आता दुसरी मंडळी तेच दगड शोधत रानोमाळ हिंडतात, त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. फिलाडेल्फियाच्या आसपास आपलीही मराठी मंडळी बरीच आहेत. तिकडे कोणाकडे उतरलात आणि यजमान म्हणाले, "उद्या तुम्हाला एक गंमत दाखवतो," तर आधी विचारून घ्या की गंमत दगडाची तर नाही ना. लिबर्टी बेल बघायला म्हणून निघालेला पाहुणा दुपारी मक्याच्या शेताच्या कडेला उभा राहू शकतो.

रोगाची तिसरी पायरी म्हणजे चुका काढणं. प्रेम पक्कं झाल्याशिवाय माणूस इतक्या बारीक चुका काढत नाही, हे आपल्याला नवऱ्यांच्या अनुभवावरून ठाऊक आहे. पहिली चूक: गाण्यातला डिक्सन स्वतःला जॉर्डी म्हणवतो. काटेकोर माणसं सांगतात, जॉर्डी म्हणजे टाइन नदीकाठचे, न्यूकॅसलचे. कॉकफील्ड तिथून बरंच खाली, टीझ आणि वेअर या नद्यांच्या मधलं. गाण्यात कोळशाच्या टाइनचा उल्लेख येतो तोही नॉफ्लरच्या लहानपणातला, डिक्सनच्या नव्हे. म्हणजे गाववाला म्हणून घेतलेल्या माणसाला गाववाल्याने उचलून आपल्याच नदीवर नेऊन ठेवला. दुसरी चूक याहून मोठी: बोटीवरची ही दोन माणसं आपण मेसन-डिक्सन रेष आखायला चाललोय असं खुशाल गातात. अहो, रेष अजून आखली नाही, हद्दीचा पहिला दगड रोवला नाही, आणि तिला आपलीच नावं? हे नाव लोकांच्या तोंडी रुळलं ते १८२० च्या सुमारास, मिसूरीत गुलामगिरी असावी की नसावी या वादात. तोवर दोघांनाही जाऊन पस्तीस-चाळीस वर्षं झाली होती.

आणि या चुकीपाशी येऊन गाणं एकदम गंभीर होतं. कारण रेषेची खरी कीर्ती त्या वादाने झाली. १७८० साली पेनसिल्व्हेनियाने गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा कायदा केला. मेरीलँडमध्ये ती १८६४ पर्यंत राहिली. दोन घराण्यांच्या साऱ्यासाठी आखलेली हद्द माणसाच्या मालकीची हद्द झाली. १८४९ साली गुलामीतली हॅरिएट टबमन मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावरून पळाली, पेनसिल्व्हेनियाची सीमा ओलांडली आणि पोहोचली कुठे, तर फिलाडेल्फियाला. तिला बोट मिळाली नव्हती. आणि मेसन-डिक्सन उतरले त्याच वर्षी, त्यांना येऊन जेमतेम महिना झाला असेल, लँकेस्टरच्या बाजूला पॅक्स्टनच्या गोऱ्या टोळीने कोनेस्टोगा जमातीची वीस माणसं मारली. आधी वस्तीवर सहा, मग संरक्षणासाठी लँकेस्टरमध्ये ठेवलेली चौदा, बायका-पोरांसकट. पुढे मेसन मुद्दाम ते ठिकाण बघून आला.

यावरून काही जाणकार श्रोते नॉफ्लरला धारेवर धरतात. म्हणतात, एवढ्या रक्ताच्या रेषेवर इतकं गोड गाणं कसं लिहवलं? मला हा आरोप पटत नाही. गाणं किनारा दिसताना संपतं, ते मुद्दाम. बोटीवरच्या दोघांना पुढचं काही माहीत नाही, ऐकणाऱ्याला सगळं माहीत आहे, आणि डिक्सनचा तो उजाडता किनारा आपण कसनुसं होऊन ऐकतो. पुढचा इतिहास गाण्यात कोंबला असता तर ते व्याख्यान झालं असतं. या गाण्यात मेसन खरा ठरतो आणि चाल मात्र डिक्सनची जिंकते. टेलरच्या नितळ गळ्यातली कुरकुर सगळी खरी निघाली, तरी पुन्हा ऐकावंसं वाटतं ते त्या खरखरीत भोळेपणामुळे. दारूबाज डिक्सनवर मी जी टीका केली ती तेवढ्यापुरती मागे.

शेवट दोघांचे ऐका, गाण्यात नाहीत. डिक्सन गावी परतला, १७७९ मध्ये वारला, स्टेनड्रॉपला पुरला गेला, आणि थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नाही. मैलामैलाला दगड रोवणाऱ्या माणसाच्या डोक्याशी एकही नाही! मेसनचं त्याहून विचित्र. पश्चिमेला जाऊन मरू म्हणणारा हा कुरकुऱ्या गृहस्थ १७८६ मध्ये दुसरी बायको आणि आठ मुलं घेऊन, आजारी अवस्थेत, स्वतःहून पुन्हा फिलाडेल्फियाला निघून आला. तिथून त्याने बेंजामिन फ्रँकलिनला पत्र लिहिलं. महिनाभरात, २५ ऑक्टोबरला, तो वारला. क्राइस्ट चर्चच्या ज्या दफनभूमीत पुढे फ्रँकलिन गेला, तिथेच मेसन आहे. पिंचनने यावर पानंच्या पानं लिहिली. गाणाऱ्याने हा दुसरा प्रवास सोडून दिला. आमचे रुग्ण म्हणतात, "सोडला कुठे? नाव तेच आहे ना." यावर मला काही सुचलं नाही.

आपल्याकडे ही साथ कशी आली म्हणाल तर तिलाही निमित्त झालं. मार्च २००५ मध्ये नॉफ्लर मुंबईत आणि बंगळूरला वाजवून गेला. लोक गेले होते 'सुल्तान्स' ऐकायला, आणि परतले मोजणी-मोजणी करत. त्यात ते महागडे स्पीकर बाळगणारे. त्यांचा अल्बमशी संबंध वेगळाच असतो. हे लोक गाणं ऐकत नाहीत, स्पीकर ऐकतात. "बघ, टेलर डावीकडून कसा पुढे येतो!" अहो, तो मरणाबद्दल बोलतोय, आणि तुम्हाला डावं-उजवं सुचतंय?

असो. नावं ठेवून झाली, आता एक विनंती. इंग्लंडच्या उत्तरेचा आणखी एक मोजणीदार होता, विल्यम लॅम्ब्टन, यॉर्कशरचा. तोही तरुणपणी अमेरिकेच्या लढाईत शिपाईगिरी करून, न्यू ब्रन्सविकच्या जंगलात मोजणी करून आला होता. १८०२ साली त्याने मद्रासजवळ पायाची रेष मोजली आणि अर्ध्या टनाचं थिओडोलाइट घेऊन उभा हिंदुस्थान मोजत उत्तरेकडे निघाला. हे यंत्र येताना फ्रेंचांनी पकडलं होतं, मग सभ्यपणे परत पाठवलं. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना ते आपटलं, तर या पठ्ठ्याने ते स्वतः बसून दुरुस्त केलं. वीस वर्षं तो असाच चालत राहिला आणि जानेवारी १८२३ मध्ये नागपूरकडे जाताना वर्ध्याच्या हिंगणघाटला मेला. कबर तिथेच आहे. विदर्भात शाहीर आहेत, गाणारे आहेत, गिटारवाली पोरंही आता गल्लोगल्ली आहेत. कोणीतरी बसावं आणि या माणसावर एक द्वंद्वगीत लिहावं. जोडीदाराची भूमिका सोबतच्या एखाद्या मद्रासी मदतनिसाला द्या, कुरकूर त्याच्या वाट्याला घाला, आणि त्याचा गळा तेवढा गोड निवडा.